लोण्यासारखं चामडं

माझं नाव कारभारी. नाव मोठं, पण घरात कारभार बायकोचा, तेव्हा नावावर जाऊ नका. पैठण गेटाच्या अलीकडे माझं वर्दीच्या सामानाचं दुकान आहे. खाकी कापड, टोप्या, शिट्ट्या, बक्कलं, नावाच्या पट्ट्या, आणि काचेच्या कपाटात पिस्तुलाची कव्हरं. कागदावर त्याला होल्स्टर म्हणतात, आमच्या गल्लीत सगळे कव्हरच म्हणतात. माझी कव्हरं दिल्लीहून खोक्यात येतात. कडक काळं प्लास्टिक, सगळी एका साच्यातून निघालेली. लावून खाली बसलं की कुशीत टोचतात, चालताना खडखड वाजतात. मी ती विकतो, पण त्यांचं कौतुक करायचं मला कुणी बंधन घातलेलं नाही.

कौतुक मी करायचो मोतीरामचं. मोतीराम माझ्याच ओट्यावर बसायचा, चामडं कापायची रापी, टोचायची आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं बंडल घेऊन, आणि माझंच गिऱ्हाईक पळवायचा. मी पळवू द्यायचो. कुणी जाणता हवालदार नाहीतर लायसनवाला माणूस आला आणि प्लास्टिक हातात घेऊन नाक मुरडायला लागला, की मीच म्हणायचो, "साहेब, हे ठेवा, बाहेर बसलाय त्याला माप द्या." बायको म्हणायची, हा माणूस दुकान घालून शेजाऱ्याचा धंदा करतो. म्हणू दे. चांगली वस्तू बघितली की मला राहवत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो काही आता सुधारत नाही.

मोतीराम खुलताबादेकडच्या एका खेड्यातला. बाप मोटा शिवायचा. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची भली मोठी पिशवी. नव्या पोरांनी ती बघितलेली नाही. मोटेचं चामडं मऊ राहिलं नाही तर वळताना तडकतं आणि सगळं पाणी पुन्हा विहिरीत. म्हणून बाप मोटांना करडईचं तेल पाजायचा. पाजायचा हाच त्यांचा शब्द. चामड्याला तेल पाजलं की ते शिवणाऱ्याचं नाव राखतं, असं बापानं मोतीरामला शिकवलं. मग विहिरींवर इंजिनं बसली, मोटा गेल्या, बाप गेला आणि मोतीराम शहरात आला. आधी चपला, मग पोलिसांचे पट्टे, आणि एका फौजदारानं हौसेनं सांगितलं म्हणून पहिलं कव्हर.

त्याची पद्धत सांगतो. खरं पिस्तूल ओट्यावर ठेवून घ्यायची सोय नाही, कायदा आहे. म्हणून त्यानं बाभळीच्या लाकडाची पिस्तुलं कोरून घेतली होती, हुबेहूब. चामडं भिजवायचं, लाकडावर चढवायचं, आणि बोटांनी, हाडाच्या तुकड्यानं दाबत दाबत बसवायचं. वाळलं की पिस्तुलाचा आकार त्यात उतरलेला. पण तेवढ्यावर तो थांबायचा नाही. गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवायचा, उठवायचा, वाकायला लावायचा. गाडीवर बसणारा असेल तर माझ्या मोटारसायकलवर बसवून बघायचा. पोट सुटलेल्याचं कव्हर थोडं मागं, किडकिडीत माणसाचं थोडं तिरकं. एकदा एक जमादार म्हणाला, "मोतीराम, बायकोनं इतकं निरखून बघितलं नाय मला." सगळा ओटा हसला.

आणि मग खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारं पुजतो, अवजारं पुजतो. मोतीरामच्या गिऱ्हाइकांनी त्यात कव्हरांची भर घातली होती. पिस्तूल घरी पाटावर ठेवायचं आणि कव्हर घेऊन मोतीरामकडे यायचं. तो एका पातेलीत करडईचं तेल कोमट करायचा, त्यात मेणाचा खडा टाकायचा, आणि एकेक कव्हर फडक्यानं चोळून आतून-बाहेरून तेल पाजायचा. वर हळद-कुंकू, तोंडात झेंडूचं फूल. दरवर्षी तेल, दरवर्षी आणखी मऊ. जुनी गिऱ्हाइकं नव्यांना आपलं कव्हर दाबून दाखवायची, "हात लावून बघ, लोणी आहे लोणी." मोतीराम मान वर न करता हसायचा. त्या एका दिवशी तो मला राजासारखा दिसायचा, आणि मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्या दुकानातली वस्तू घेऊन पुन्हा माझ्या दारी कोण आलंय?

त्या सगळ्यांत मऊ कव्हर अप्पारावचं. अप्पाराव हर्सूलचा, सैन्यातून निवृत्त होऊन आलेला, सराफ्यातल्या एका पेढीवर बंदोबस्ताला. स्वतःच्या लायसनचं बत्तीस बोअरचं पिस्तूल. कमी बोलायचा, पण नवमीला सगळ्यात आधी हजर. त्याचं कव्हर त्यानं बक्कल न लावता, झाकण न ठेवता, उघड्या तोंडाचं बनवून घेतलं होतं, पटकन हात घालता यावा म्हणून. पेढीच्या मालकाचा हुकूम होता, हत्यार तयार पाहिजे. म्हणून तो पिस्तुलाची सेफ्टीही काढूनच ठेवायचा. हे मला माहीत होतं. मी एकदा त्याला टोकलंही होतं. तो म्हणाला, "शेठ, सतरा वर्सं हातात बंदूकच हाय. मला नका शिकवू."

गेल्या दसऱ्यानंतर, दिवाळीच्या गर्दीत, अप्पाराव दुपारचा डबा खायला पेढीच्या मागच्या बोळात गेला. खाली मांडी घालून बसताना पिस्तूल आडवं येतं म्हणून त्यानं ते काढून शेजारी ठेवलं असणार. डबा झाला, पाण्याची बाटली एका हातात, दुसऱ्या हातानं पिस्तूल परत कव्हरात. आवाज झाला. लोक धावले तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता आणि जांघेतून रक्ताचा पूर वाहत होता. घाटी दवाखान्यात नेईपर्यंत संपला. वय पंचेचाळीसही नव्हतं.

बोळात कुणी नव्हतं. पोलिसांनी लिहिलं, स्वतःच्या हलगर्जीपणानं गोळी सुटली. झालं, लोकांना चघळायला विषय मिळाला. फौजी माणूस हलगर्जीपणा करेल का? सतरा वर्षं बंदूक वागवलेल्या माणसाकडून चुकून गोळी कशी सुटेल? मग सुटली नाही, सोडली. त्या सकाळी नवरा-बायकोत भांडण झालं होतं, ते शेजारणीनं ऐकलं होतं. बस्स. मांडीत गोळी घालून जीव कोण देतो, एवढं विचारायचं डोकं कुणाकडे नव्हतं. तोवर गोळी मांडीतून पोटात आणि पोटातून छातीत गेलीच होती, बोलणाऱ्यांच्या तोंडी. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. अप्पारावानं जीव दिला, असंच सगळ्या हर्सूलनं ठरवून टाकलं.

चार-पाच दिवसांनी ठाण्यातून मोतीरामला बोलावणं आलं. कव्हर तुमच्या हातचं आहे का, एवढंच ओळखायचं होतं. तो घाबरला म्हणून मी सोबत गेलो. फौजदारानं पिशवीतून कव्हर काढून टेबलावर ठेवलं. रक्त वाळून चामडं एका बाजूनं कडक झालं होतं. तळाला भोक. म्हणजे पिस्तूल आत असतानाच गोळी सुटली होती, हे मलाही कळलं. मोतीराम मात्र भोकाकडे बघतच नव्हता. तो वरच्या तोंडाकडे बघत होता. तोंडाची एक कड आत दुमडलेली होती, आणि त्या दुमडीवर खोल, चंद्रकोरीसारखा वळ. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला आणि हात मागं घेतला.

"माझंच हाय," तो म्हणाला. फौजदारानं सही घेतली, आम्ही बाहेर आलो.

दुकानात आल्यावर त्यानं माझं काचेचं कपाट आपल्या हातानं उघडलं. इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि त्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. हललं नाही. तळहातानं दाबलं. हललं नाही. मग आपल्या ओट्यावरचं एक जुनं, तेल पाजून पाजून मऊ झालेलं कव्हर घेतलं, तोंडाची कड एका बोटानं आत ढकलली आणि लाकडी पिस्तूल वरून सरळ आत घातलं. दुमडलेली कड चापाभोवतीच्या कडीत शिरली. त्यानं पिस्तूल आणखी खाली दाबलं, आणि चाप चामड्यावर दाबला गेलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. बोट कुणाचंच नव्हतं.

"शेठ, मोट मऊच लागती," तो म्हणाला. "बापानं मोटंचं सांगितलं व्हतं. ह्येचं नव्हतं सांगितलं. ह्येचं तोंड उघडं ऱ्हायला पायजे. रिकामं असताना बी. मी वर्साला तेल पाजून त्याचं तोंड मिटवून ठेवलं."

मी वैतागलो. मला भीती वाटली की मला राग येतो आणि तो कुठेही फुटतो. म्हणालो, "गप बस. सेफ्टी काढून फिरायचा तो. पोलिसांनी लिहिलंय हलगर्जीपणा. तू कशाला ओढवून घेतोस?"

"सेफ्टी त्यानं काढली, व्हय. चाप कुणी वढला?"

"मोतीराम, तू बोललास तर ह्या ओट्यावर पुन्हा कुत्रंही बसणार नाही."

त्यानं ऐकलं, मूग गिळून बसला. मी दिलेला सल्ला चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. गरीब माणसाकडे नावाशिवाय असतं काय? पण त्यानं काम बंद केलं. सकाळी येऊन बसायचा, आरीला धार लावायचा, संध्याकाळी उठून जायचा. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, चामडं आलं नाही. दिवाळी गेली. अप्पारावचं तेरावंही कधीच होऊन गेलं होतं.

मग एक दिवस गोजरबाई आली. अप्पारावची आई. लुगड्याचा पदर घट्ट आवळलेला, पायात एक चप्पल दुसरीपेक्षा वेगळी. ती सगळ्या शहरात हिंडत होती, असं नंतर कळलं. मुलगा जिथे जिथे जायचा तिथे तिथे जाऊन एकच विचारत होती. न्हाव्याला विचारलं, पानवाल्याला विचारलं, पेढीच्या मालकाला विचारलं, त्यानं आत बोलावलंही नाही. आता ओट्यासमोर उभी राहिली.

"नवमीला माझा अप्पा तुमच्याकडं आल्ता व्हय?"

"आल्ता, आक्का."

"तोंड कसं व्हतं त्याचं? काई बोल्ला का? जिवाला काई लावून घेतल्यावानी व्हतं का? खरं सांगा, दादा. मला कुनी खरं सांगंना. त्यानं सोताहून केलं का, येवढंच मला कळू द्या. रातच्याला डोळा लागत नाय. देवाच्या दारात त्याला उभं करतील का नाय, त्ये बी कळंना."

मी आतून पाणी आणायला उठलो. खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर थांबवत नव्हतं. परत आलो तर मोतीराम ओट्यावरून खाली उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला होता, मांडीवर ते जुनं कव्हर आणि हातात लाकडी पिस्तूल. मला दाखवलं तसंच त्यानं तिला दाखवलं, सावकाश, दोनदा. कड आत. पिस्तूल वरून. चाप. मग तिचं बोट धरून त्या मऊ कडेवर ठेवलं.

"त्यानं काई केलं नाय, आक्का. त्यानं पिस्तूल जागी ठिवलं, बस. ह्येनं मारलं. माझ्या हातच्या चामड्यानं."

गोजरबाईनं ती कड आपल्या बोटानं एकदा आत दाबून बघितली. मग तिच्या तोंडून एक आवाज आला, आणि ती खाली फरशीवर बसून रडायला लागली. ते रडणं मी विसरणार नाही. त्यात सुटका होती. लेक गेला तेव्हा ती अशी रडली नसेल, कारण तेव्हा रडायचं की शिव्या द्यायच्या हेच तिला कळलं नसेल. "माझं लेकरू," एवढंच ती म्हणत होती, "माझं लेकरू सोताहून गेलं नाय." गल्लीतली दोन-चार माणसं थांबली. मी त्यांच्या अंगावर ओरडलो तेव्हा हलली.

डोळे पुसून ती पाणी प्यायली. मग मोतीरामकडे बघून विचारलं, "ह्ये तुमाला कवापासून ठावं हाय?"

मोतीराम खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, "ठान्यात कव्हर बघितलं तवापासून."

"तेराव्याच्या आधी?"

"व्हय."

ती उठली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. "तेराव्याला मी सुनंला घराबाहीर काढलं," ती म्हणाली. "धा जनांम्होरं म्हनलं, तुझ्या तोंडानं माझा लेक खाल्ला. लेकराला बी नेऊ दिलं नाय, म्हनलं वंशाचं हाय, हितंच ऱ्हाईल. तुमी तवा बोल्ला असता तर?"

मी पुन्हा गप्प बसा म्हणायच्या लायकीचा उरलो नव्हतो. मोतीराम चपला घालत होता.

"कुठं हाय तुमची सून?" त्यानं विचारलं.

सून, दीपमाला, वाळूजला भावाकडे होती. भाऊ तिथल्या एका कारखान्यात कामाला. मी दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही तिघं रिक्षातून निघालो. वाटेत गोजरबाई एकदाच बोलली, "पोराला घ्यायला येईल ती आता. माझ्या घरी येईल." मोतीराम बाहेर बघत होता. कव्हर आणि लाकडी पिस्तूल त्यानं पिशवीत घेतलं होतं.

भावाची खोली कामगारांच्या चाळीत, पत्र्याची. पहिली पाळी सुटली होती, गाड्यांची गर्दी होती. दीपमालानं दार उघडलं, सासूला बघून दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. मोतीरामनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पिशवीत हात घालून दाखवायला लागला, तेव्हा तिनं हातानं थांबवलं.

"दावू नका, काका. मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं, बाई?" गोजरबाई म्हणाली.

"त्ये तसे नव्हते, ह्ये. त्या दिशी आमचं भांडन झालं त्ये पोराच्या शाळंवरून. जाताना म्हनले, दुपारी फोन करतो. जीव द्यायला निघालेला मानूस म्हनंल का असं? मी सांगत व्हते आत्याबाई, तुमच्या पाया पडून सांगत व्हते. तुमी ऐकलं नाय. आता ह्यांचं ऐकलं, कारन ह्यांच्या हातात लाकडाचं खेळनं हाय."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "चूक झाली माझी. चल घरी. पोरगं वाट बघतंय."

"पोराला आनून सोडा हितं. मी येनार नाय."

एवढं बोलून ती वळेल असं मला वाटलं. पण ती मोतीरामकडे बघत होती. चिडलेली नव्हती. मला वाटतं चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका, नवमीला तुमच्याकडं लई जन येत्यात म्हनं. ह्ये सांगायचे घरी. रांग लागती म्हनायचे." तिनं पिशवीकडे बघितलं. "त्या बाकीच्यांच्या बायकांना सांगितलं का तुमी?"

मोतीरामचं तोंड उघडं राहिलं. मी शपथेवर सांगतो, हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता, आणि माझ्याही नाही. इतके दिवस आम्ही दोघं एका मेलेल्या माणसाभोवती घुटमळत होतो, आणि तसलीच कव्हरं कमरेला लावून जिवंत माणसं शहरभर हिंडत होती. त्यानंच तेल पाजलेली. दीपमालानं दार लावून घेतलं, आपटलं नाही, हळूच लावलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी आईकडे पोहोचला. गोजरबाईनं स्वतः नेऊन सोडला आणि एकटी परत आली. हर्सूलमध्ये तिनं घरोघर जाऊन सांगितलं की अप्पानं जीव दिला नाही. काहींनी मान डोलावली. काही म्हणाले, आईचं काळीज आहे, म्हणणारच.

मोतीराम ओट्यावर बसायचा बंद झाला. तो सकाळपासून पायी फिरतो. कुणाचं कव्हर कुणाकडे आहे ते त्याला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येकाला त्यानं आपल्या हातानं उठवलं-बसवलं होतं. दारी जातो, सगळं सांगतो, कव्हर मागून घेतो आणि समोरच रापीनं कापून टाकतो. बदल्यात माझ्या दुकानातलं प्लास्टिकचं देतो. तेच टोचणारं, तेच खडखडणारं, पण ज्याचं तोंड माणूस घाईत असला, झोपेत असला, मूर्ख असला तरी उघडंच राहतं. असली कुरूप वस्तू इतकी चांगली निघावी याचा मला अजून संताप येतो. निम्मीअर्धी कव्हरं परत आली. बाकीचे देत नाहीत.

परवा मी त्याच्यासोबत होतो. सिडकोच्या चौकात एक हवालदार भेटला, जुनं गिऱ्हाईक, ड्युटीवर निघालेला. मोतीरामनं रस्त्यातच त्याचा हात धरला आणि सगळं सांगितलं, अप्पारावचं नाव घेऊन सांगितलं. हवालदारानं ऐकून घेतलं. मग कमरेच्या कव्हरावर थोपटून म्हणाला, "अप्पाराव येंधळा व्हता, मोतीराम. आन असली वस्तू आता बनवतंय कोन? ही मी मरेस्तोवर सोडत नाय."

मोतीराम भर चौकात हात जोडून उभा राहिला. हवालदार लाजल्यासारखा हसला, "काय राव," म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला.